लाल कोटिंगवाल्या शिशाच्या गोळ्या, २००० राउंडनंतर

दोन हजारांची पेटी आज संपली. शेवटच्या पन्नास सकाळी उडवल्या, बॅरल साफ केलं आणि लगेच लिहायला बसलेय, कारण या गोळ्यांबद्दल पहिल्या आठवड्यात मला जे वाटलं होतं आणि आता जे वाटतंय त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तेव्हाच रिव्ह्यू लिहून टाकला असता तर चांगल्या मालावर उगाच शिक्का बसला असता.

तर माल काय आहे ते आधी. ९ एमएमसाठी १२४ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) राउंड नोज, म्हणजे गोल नाकाची, गोळी, ओतीव शिशाची, वर लाल पॉलिमरचं कोटिंग, ०.३५६ इंच व्यासाला साइझ केलेली. सोबत ३८ स्पेशलसाठी १५८ ग्रेनच्या सेमी वॉडकटर (चपट्या नाकाच्या) पाचशे घेतल्या होत्या, त्यांच्याबद्दल खाली लिहिते. बनवणारे एक छोटे कास्टर, म्हणजे शिसं ओतून गोळ्या करणारे, आहेत, नाव मुद्दाम देत नाहीये, कारण खाली ज्या गोष्टी लिहिणारे त्या कुठल्याही कास्टरच्या कोटेड गोळीला लागू पडतात आणि वाचून कोणी एकाच नावाच्या मागे धावू नये. आणि हो, नवीन मंडळींसाठी, मी गोळी म्हणते तेव्हा फक्त पुढचा शिशाचा तुकडा, काडतूस म्हणजे पुंगळी, प्रायमर (पावडर पेटवणारा), पावडर आणि गोळी मिळून झालेला पूर्ण नग. बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो आणि मग रीलोडिंगच्या, म्हणजे काडतुसं स्वतः भरण्याच्या, गप्पांमध्ये अर्धा वेळ गोंधळच होतो.

दुसरं म्हणजे, पावडरचा चार्ज मी इथे सांगणार नाही, विचारूही नका. तो पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या डेटामधून किंवा छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचा, खालच्या आकड्यापासून सुरू करायचं आणि हळूहळू वर जायचं. तुमच्याकडे कायद्याने रीलोडिंग चालतं का आणि कुठल्या लायसन्सवर, हेही आधी बघून घ्या, प्रत्येक देशात नियम वेगळे आहेत.

आता कोटिंग कशासाठी. नुसतं शिसं नळीतून वेगात गेलं की रायफलिंगच्या (नळीच्या आतल्या वळणदार) खाचांमध्ये घासून चिकटतं, त्याला आपण लेडिंग म्हणतो, आणि एकदा ते साठायला लागलं की ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, पसरतो आणि साफ करताना हात दुखून येतात. यावरचा जुना उपाय म्हणजे गोळीच्या कमरेला खाच पाडून त्यात मेण भरायचं. मी सुरुवातीची तीन वर्षं मेणवाल्याच गोळ्या वापरल्या, आणि नेमबाजीला त्या अजिबात वाईट नाहीत, पण त्रास बाकीचा असतो. बोटं चिकट होतात, इनडोअर रेंजवर दहा राउंडनंतर टार्गेट धुरात दिसेनासं होतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सीटिंग डायमध्ये, म्हणजे गोळी पुंगळीत बसवणाऱ्या साच्यात, मेण साचत जातं, त्यामुळे गोळी हळूहळू जास्त खोल बसायला लागते आणि तुम्ही मोजत नसाल तर कळतही नाही. ९ एमएमसारख्या छोट्या पुंगळीत गोळी थोडी जास्त खोल गेली तरी प्रेशर बरंच वाढतं, त्यामुळे ही बाब फक्त स्वच्छतेची नाहीये. शिवाय गरमीत काडतुसं ठेवली तर मेण मऊ होऊन पावडरकडे उतरण्याची भीती वेगळीच.

कोटेड गोळीत खाचेची गरज नाही, मेणाची गरज नाही. ओतलेल्या गोळ्यांना पॉलिमरचा पातळ थर देतात, भट्टीत साधारण २०० डिग्री सेल्सियसला भाजतात, गार करून पुन्हा थर, पुन्हा भाजणं, असं दोन किंवा तीन वेळा, आणि शेवटी साइझिंग डायमधून काढतात. यातलं सगळ्यात माहितीतलं नाव हायटेक, ते ऑस्ट्रेलियातलं आहे. दुसरा प्रकार साध्या पावडर कोटिंगचा, म्हणजे लोखंडी फर्निचरला जे करतात तेच. माझ्या गोळ्या पहिल्या प्रकारच्या. रंगाचा परिणाम शून्य, लाल काय हिरवा काय सोनेरी काय, आवडीने घ्या. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, साध्या फुल मेटल जॅकेट गोळीचं बूड उघडंच असतं, तांब्याचा मुलामा वरून आणि बाजूने, खाली शिसं तसंच. कोटेड गोळी मात्र बुडासकट झाकलेली असते. म्हणजे पावडर पेटल्यावर गरम गॅस थेट शिशावर येत नाही. मला कोटेडकडे वळवणारी गोष्ट खरं तर हीच होती.

पेटी उघडल्यावर पहिलं इंप्रेशन चांगलं होतं पण एकदम निर्दोष नाही. पाचशे-पाचशेच्या चार पिशव्या, तळाशी थोडी लालसर धूळ, म्हणजे प्रवासात गोळ्या एकमेकींवर घासल्यात, तेवढं चालतं. पहिली पिशवी मी पूर्ण निवडून काढली, त्यात साधारण डझनभर गोळ्यांच्या बुडाच्या कडेला शिशाची पातळ पापडी राहिलेली होती, साचा नीट मिटला नाही की अशी येते. आणि काही गोळ्यांच्या अंगावर वाटाण्याएवढा नाही पण मसुराएवढा उघडा चट्टा होता, कारण भाजताना दोन गोळ्या एकमेकींना चिकटल्या आणि सोडवताना कोटिंग उखडलं. अशा मी बाजूला काढल्या. चट्टा नाकाच्या बाजूला असेल तर काही बिघडत नाही, पण नळीला जिथे घासते त्या भागावर असेल तर ती गोळी नकोच.

मिश्रधातू ९२-६-२ असं सांगितलेलं, म्हणजे ९२ टक्के शिसं, ६ टक्के अँटिमनी, २ टक्के कथील. कास्टर लोकांचं हे नेहमीचं मिश्रण, कडकपणा ब्रिनेल स्केलवर १५ च्या आसपास येतो, शुद्ध शिसं ५ च्या आसपास असतं म्हणजे अंदाज येईल. वजनाला पन्नास गोळ्या काट्यावर घातल्या, बहुतेक १२४ च्या एक ग्रेन अलीकडे-पलीकडे. एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम, त्यामुळे पिस्तुलाला या फरकाने काही होत नाही, रायफलवाले नाक मुरडतील ते वेगळं.

मग दोन टेस्ट केल्या ज्या कोटेड गोळीवर नेहमी कराव्यात. पहिली, कापडाला अ‍ॅसिटोन लावून गोळी दहा-पंधरा वेळा जोरात पुसायची. रंग कापडावर उतरला तर कोटिंग नीट भाजलेलं नाही. माझ्या कापडावर काहीच आलं नाही. दुसरी, गोळी ऐरणीवर ठेवून हातोड्याने चपटी करायची, चांगलं कोटिंग शिशाबरोबर पसरतं, कच्चं असेल तर पापुद्रे निघतात. तीन गोळ्या चपट्या केल्या, तिन्ही चिकटून राहिल्या, कडेला थोडी चीर पडली तेवढीच. म्हणजे भाजणी पक्की. इथपर्यंत मी खूश.

आणि मग पहिले शंभर राउंड. नेहमीच्या सेटिंगवर भरले, जॅकेटेडसाठी जे डाय लावलेले होते तेच, काही बदललं नाही. रेंजवर सगळं छान चाललं, धूर कमी, रिकॉइल (मागे बसणारा झटका) मऊ, पण घरी येऊन बॅरलमधून उजेडाकडे बघितलं तर चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, लगेच पुढे, जिथे रायफलिंग सुरू होतं, तिथे करड्या रेघा. लेडिंग! कोटेड गोळीला! मला खरंच वाईट वाटलं, राग पण आला, कारण लेडिंग होऊ नये म्हणून तर कोटिंग असतं ना. त्या संध्याकाळी मी मनात रिव्ह्यू लिहून पण टाकला होता की हे सगळं नुसतं रंगकाम आहे.

क्लबमध्ये ज्यांच्याकडून मी रीलोडिंग शिकले त्या काकांना फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "काडतूस उघडून गोळी मोजलीस का?" मी म्हटलं मोजली होती, ०.३५६ आहे. तर म्हणाले, "पिशवीतली मोजलीस गं, पुंगळीतून काढलेली मोज." मग प्रायमर आणि पावडर न घालता पाच डमी काडतुसं बनवली, हातोडीवाल्या पुलरने गोळ्या परत काढल्या, मायक्रोमीटर लावला. ०.३५४५. एका पिशवीतून आलेली, त्याच कोटिंगची गोळी, माझ्या काडतुसं भरायच्या प्रेसमधून जाऊन दीड हजारांश इंचाने बारीक झालेली! बॅरल मी आधीच तपासून ठेवलेलं होतं, मऊ शिशाचा तुकडा तेल लावून नळीतून ढकलायचा आणि मोजायचा, माझ्या नळीचा खाचेतला व्यास ०.३५५. म्हणजे गोळी नळीपेक्षा बारीक, गरम गॅस बाजूने निसटणार, कोटिंग जाळणार आणि शिसं नळीला फासणार. कोटिंगचा बिचाऱ्याचा काहीच दोष नाही.

दोष दोन ठिकाणी होता. एक, माझा शेवटचा क्रिंप डाय, म्हणजे पुंगळीचं तोंड दाबणारा, ज्यात कार्बाइडची रिंग असते आणि ती तयार काडतुसाला परत एकदा साइझ करते. जॅकेटेड गोळीला ते चालून जातं, कारण ती बारीक असते आणि कडक असते. शिशाची गोळी एक हजारांश जाड असते, मऊ असते, ती रिंगमधून जाताना पुंगळीसकट दाबली जाते, पुंगळी थोडी परत उघडते पण शिसं परत फुगत नाही. दुसरं, माझा एक्सपांडर जॅकेटेडच्या मापाचा होता, पुंगळीचं तोंड जेमतेम फुलवत होता, त्यामुळे गोळी बसवताना पुंगळीची कडा कोटिंगला चाकूसारखी घासत होती. काढलेल्या गोळ्यांवर नीट बघितलं तर एका बाजूला चंदेरी ओरखडा, लाल रंगाची बारीक साल सीटिंग डायमध्ये पडलेली. ती साल दिसली ना की तिथेच थांबायचं, पुढे भरू नका.

उपाय काहीच अवघड नव्हता. कार्बाइड रिंगवाला डाय काढून साधा टेपर क्रिंप डाय लावला, आणि एक्सपांडर शिशाच्या गोळीसाठीचा घेतला, दोन पायऱ्यांचा, आधी पुंगळीचा आतला भाग जरा जास्त रुंद करतो आणि मग तोंड फुलवतो. फुलवणं किती, तर गोळी हाताने ठेवली की सरळ उभी राहिली पाहिजे आणि कडा तिला घासता कामा नये, बस्स, त्याहून जास्त फुलवली तर पितळ लवकर तडकतं. क्रिंप म्हणजे ९ एमएममध्ये पकडण्यासाठी नसतोच, फुललेलं तोंड परत सरळ करण्यासाठी असतो, कारण ही पुंगळी चेंबरमध्ये तोंडाच्या कडेवरच टेकते. मी तोंडापाशी ०.३७९ च्या आसपास ठेवते. परत डमी, परत पुलर, परत मायक्रोमीटर, या वेळी ०.३५६ पूर्ण, कोटिंग अखंड, क्रिंपची फक्त एक पुसट रेघ.

यात एक अजून भानगड आहे ती सांगून ठेवते. ९ एमएमची पुंगळी आतून सरळ नसते, खाली जाऊ तशी भिंत जाड होते, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांमध्ये ही जाडी वेगळ्या ठिकाणी सुरू होते. १४७ ग्रेनची लांब गोळी घेतली तर तिचं बूड त्या जाड भागात जाऊन दाबलं जातं. १२४ ला हा त्रास कमी. म्हणून पहिल्यांदा कोटेड घेणाऱ्यांनी १४७ ने सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कितीही मऊ रिकॉइल मिळत असलं तरी.

बदल केल्यानंतर उरलेले एकोणीसशे राउंड, आणि बॅरल? दर दोनशेनंतर बघत होते. काजळी येते, पावडरची, ती कापडाचे दोन तुकडे फिरवले की जाते. करड्या रेघा परत आल्या नाहीत, एकदाही नाही. पहिल्या शंभराचं लेडिंग काढायला मात्र तास गेला, ब्रशला तांब्याच्या घासणीचे धागे गुंडाळून घासलं, आणि ती घासणी खरंच तांब्याची आहे का हे चुंबक लावून बघा, लोखंडावर तांब्याचा मुलामा असेल तर नळीला ओरखडे पडतील. काही जण म्हणतात जॅकेटेडचे दहा राउंड उडव म्हणजे लेडिंग निघून जातं. असलं करू नका, साठलेल्या शिशामुळे नळी आधीच अरुंद झालेली असते, त्यातून कडक गोळी ढकलायची म्हणजे प्रेशरशी खेळ.

रेंजच्या वाळूच्या बांधातून परवानगीने काही गोळ्या उकरून आणल्या होत्या, ते मला या पूर्ण प्रकारातलं सगळ्यात आवडलेलं. नाक चेपलेलं, पण अंगावर रायफलिंगच्या सहा खुणा स्पष्ट, आणि खाचांच्या तळाशीही लाल रंग शाबूत! म्हणजे इतक्या दाबातून, इतक्या वेगाने जाऊनही शिसं आणि नळीचा थेट संबंध आलाच नाही. त्या दोन गोळ्या मी बेंचवर ठेवल्यात.

वेगाबद्दल. क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) लावून बघितलं, तीच पावडर, तेवढाच चार्ज, १२४ जॅकेटेडपेक्षा कोटेड गोळी माझ्या पिस्तुलात सेकंदाला तीसेक फूट जास्त जाते, घर्षण कमी म्हणून. याचा अर्थ जॅकेटेडचा डेटा डोळे मिटून वापरायचा नाही. डेटा शिशाच्या किंवा कोटेड गोळीचा, त्याच वजनाचा घ्यायचा, आणि नाकाचा आकार वेगळा असेल तर काडतुसाची लांबीही वेगळी ठरते. ९ एमएमची जास्तीत जास्त लांबी १.१६९ इंच आहे, पण ही गोळी जरा गुबगुबीत खांद्याची आहे, एवढी लांब ठेवली तर माझ्या बॅरलमध्ये रायफलिंगला टेकते. बॅरल काढून तोंड खाली धरायचं, काडतूस सोडायचं, टक् असा आवाज आला पाहिजे, बोटाने गोल फिरलं पाहिजे आणि उलटं केलं की आपोआप बाहेर पडलं पाहिजे. अडकलं तर लांबी कमी करा, आणि लांबी कमी केली की चार्ज परत खालपासून सुरू करा, ही पायरी लोक हमखास गाळतात.

मी मॅचसाठी १०५० फूट प्रति सेकंदाच्या आसपास ठेवते. पॉवर फॅक्टर म्हणजे ग्रेनमधलं वजन गुणिले वेग भागिले हजार, तर १२४ गुणिले १०५० भागिले १००० म्हणजे १३०. आयपीएससीच्या (प्रॅक्टिकल नेमबाजीच्या स्पर्धांच्या) मायनर प्रकाराला १२५ लागतो, थोडी जागा राहते, थंडीत वेग पडला तरी चालतं. एवढ्या वेगाला या गोळ्या अगदी आरामात आहेत. एक सूचना, फास्ट, म्हणजे झटकन जळणारी, पावडर छोट्या पुंगळीत तळाशी इतकी कमी दिसते की चुकून दुप्पट पडली तरी पुंगळी भरून सांडत नाही. प्रत्येक पुंगळीत उजेड पाडून डोळ्यांनी बघायचं, प्रत्येक म्हणजे प्रत्येक.

धूर. मेणवाल्या गोळीच्या तुलनेत हा फरक रात्र आणि दिवसाचा आहे. जॅकेटेडएवढाच म्हणता येईल, किंचित जास्त. मात्र तो पावडरवरही अवलंबून असतो, मी एक खूप गरम जळणारी फास्ट पावडर वापरून बघितली तर धूर जाणवण्याइतका वाढला आणि जळक्या प्लॅस्टिकचा हलका वास आला. थोडी हळू, थंड जळणारी पावडर घेतल्यावर वास गेला. कोटिंगलाच दोष देण्याआधी पावडर बदलून बघा.

अचूकतेबद्दल खरं सांगते, वाढवून नाही. २५ मीटरवर, वाळूच्या पिशवीवर टेकून, पाच-पाचचे ग्रुप. सरासरी बघितली तर माझ्या नेहमीच्या जॅकेटेड गोळीएवढीच, सर्वात चांगला ग्रुप मात्र जॅकेटेडचाच लहान. फ्लायर, म्हणजे ग्रुपबाहेर पडणारे शॉट, थोडे जास्त येतात आणि मला खात्री आहे की ते बुडाच्या कडेवरच्या दोषामुळे येतात, कारण ज्या दिवशी मी पापडीवाल्या गोळ्या वेगळ्या काढून निवडक पन्नास भरल्या त्या दिवशी फ्लायर जवळजवळ नव्हतेच. गोळीचं नाक चेपलेलं असलं तरी ती सरळ जाते, बूड वाकडं असेल तर नळीतून सुटताना गॅस एका बाजूने आधी निसटतो आणि गोळी ढळते. म्हणून निवडायचीच असेल तर बूड बघून निवडा. प्रॅक्टिसला आणि स्टील प्लेट्सच्या मॅचला निवडायची गरजच नाही, सरळ भरा.

३८ स्पेशलच्या १५८ ग्रेनवाल्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण त्या पहिल्या दिवसापासून सुरळीत चालल्या. व्यास ०.३५८, क्रिंपसाठी खाच दिलेली, रोल क्रिंप त्या खाचेत बसतो त्यामुळे कोटिंग कापलं तरी नळीला लागत नाही. ३८ स्पेशलचं कमाल प्रेशर १७००० पीएसआय, ९ एमएमचं ३५०००, म्हणजे गोळीला इथे निम्माच मार. रिव्हॉल्व्हरवाल्यांनी फक्त एक तपासा, गोळी सिलिंडरच्या प्रत्येक भोकातून पुढच्या बाजूने बोटाच्या हलक्या दाबाने जाते का. अजिबात जात नसेल तर ते भोक नळीत जायच्या आधीच गोळीला बारीक करतंय, आणि मग तुम्ही कितीही चांगली गोळी आणा, लेडिंग होणारच. सिलिंडरच्या तोंडावरची काजळी मात्र आता कापडाने निघते, पूर्वी खरवडावी लागायची.

शिशाच्या विषाबद्दल लिहिल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होणार नाही, आणि इथे मला खूप गैरसमज दिसतात. कोटिंगमुळे हाताला शिसं कमी लागतं हे खरं. पण म्हणून हात न धुता बिस्किट उचललं तर चालेल असं नाही, कारण नेहमीच्या प्रायमरमध्येच शिशाचं संयुग असतं, लेड स्टिफनेट, ते प्रत्येक शॉटला धूर आणि धूळ होऊन बाहेर येतं, रिकाम्या पुंगळ्यांमध्ये बसतं आणि कोरड्या टंबलरच्या (पुंगळ्या घासून साफ करायच्या यंत्राच्या) मीडियात साठतं. टंबलरचं झाकण उघडताना उडणारी ती राखाडी धूळ छातीत घेऊ नका, घराबाहेर चाळा, मास्क लावा. हात साबणाने धुवा, रेंजचे कपडे वेगळे ठेवा, बेंचवर खाणंपिणं बंद. घरात लहान मुलं असतील तर डबल काळजी, मुलांच्या रक्तात डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम शिसं सापडलं तरी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०२१ पासूनच्या मापाने लक्ष घालावं लागतं, म्हणजे किती सूक्ष्म गोष्ट आहे बघा. नियमित शूटिंग आणि रीलोडिंग करणाऱ्यांनी वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्यावं, मी घेते.

कोणी घेऊ नये? ज्यांच्या पिस्तुलात पॉलिगोनल (धारदार खाचांऐवजी गोलसर कडांचं) रायफलिंग आहे त्यांनी आधी उत्पादकाचं मॅन्युअल वाचावं, उघडं शिसं नको असं बरेच उत्पादक सांगतात, कोटेडबद्दल वापरणाऱ्यांचे अनुभव चांगले आहेत पण निर्णय तुमचा, आणि निदान पहिल्या शंभरात तरी दर पंचवीसनंतर नळी बघा. कॉम्पेन्सेटर (नळीच्या तोंडावरचा, झटका कमी करणारा भाग) असलेल्यांनीही विचार करावा, त्याच्या आतल्या भिंतीवर कोटिंगची आणि शिशाची पुटं चढतात आणि ती काढणं कंटाळवाणं काम आहे. आणि ज्यांना डमी बनवून गोळी काढून मोजायचा वैताग आहे त्यांनी सरळ जॅकेटेड वापराव्यात. मनापासून सांगते, नाराज होण्यापेक्षा ते बरं.

घरी कोटिंग करू का असं दोघांनी विचारलं. मी पावडर कोटिंग एकदा करून बघितलंय, प्लॅस्टिकच्या डब्यात गोळ्या आणि पावडर हलवायची, चिमट्याने जाळीवर एकेक उभी करायची आणि भाजायची. होतं नीट, पण वेळ फार जातो, आणि त्यासाठीचा ओव्हन कायमचा वेगळा ठेवावा लागतो, ज्यात परत कधीही अन्न शिजणार नाही असा. मला तेवढा वेळ शूटिंगला द्यायला आवडतो.

स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेचार, अर्धा कापलाय तो त्या चिकटून भाजलेल्या गोळ्यांसाठी आणि बुडाच्या पापडीसाठी. चट्ट्यांचे फोटो मी कास्टरना पाठवले होते, त्यांनी वाद न घालता मान्य केलं, म्हणाले की त्या घाण्यात जाळीवर गोळ्या जास्त झाल्या होत्या, पुढचा घाणा पातळ पसरून भाजतो. ४५ एसीपीच्या २०० ग्रेन सेमी वॉडकटर, ०.४५२ च्या, पाचशे सांगितल्यात. त्या येईपर्यंत ४५ चा एक्सपांडर काढून मोजून ठेवलाय, तोही जॅकेटेडच्याच मापाचा निघाला.